आईनं गाडी समुद्रावर नेली

बाबांनी सेकंडहँड गाडी घेतली तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि धाकटी बहीण सातची. आम्ही बो बासेंला राहत होतो. बाबा बेटाच्या राजधानीत, पोर्ट लुईला, सरकारी कचेरीत कारकून होते आणि रोज बसनं जात-येत. गाडी त्यांनी घेतली ती शनिवार-रविवारसाठी. त्यांच्या कचेरीतले दोघंतिघं आठवडाभर काम करून शनिवारी दुपारी बायकापोरांना घेऊन समुद्रावर जायचे, एखाद्या कांपमांमध्ये रात्र काढायचे आणि रविवारी संध्याकाळी परत यायचे. कांपमां म्हणजे किनाऱ्यावरचं पत्र्याचं नाहीतर गवताचं छप्पर असलेलं घर. सोमवारी त्यांच्या तोंडून मासे, वाळू, वारा असं ऐकून बाबांच्या मनात ते भरलं होतं.

पण लायसन्स मिळेना. पहिल्या परीक्षेत गाडी चढावर मागे घसरली. दुसऱ्या वेळी चौकात मधोमध बंद पडली आणि मागच्या बसनं भोंगा वाजवायला सुरुवात केली, तसे बाबा खाली उतरून बाजूला जाऊन उभे राहिले. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी गाडीवर ताडपत्री टाकली. सात महिने ती लिचीच्या झाडाखाली तशीच उभी होती. तिच्याबद्दल कोणी काही बोलायचं नाही, असं न सांगताच ठरलं होतं.

आईचं माहेर नुव्हेल फ्रांसला. मामा तिथल्या चहाच्या मळ्यावर लॉरी चालवायचा. त्या सात महिन्यांत आई जवळजवळ दर रविवारी बसनं माहेरी जायला लागली. आम्हाला वाटायचं, आजीची तब्येत बरी नसेल.

एका रात्री जेवताना ती म्हणाली, "उद्या मला दहाला निघायचंय. परीक्षा आहे."

"कसली?" बाबांनी विचारलं.

"गाडीची."

मामानं तिला मळ्यातल्या कच्च्या रस्त्यांवर लॉरी शिकवली होती. त्या रस्त्यांवर वळायला जागा नाही, म्हणून पुढे जाण्याइतकंच मागे येणंही तिला शिकावं लागलं होतं. बाबांनी एवढंच विचारलं, "लोक काय म्हणतील?"

"लोकांनी सात महिने आपली ताडपत्रीच बघितलीय," आई म्हणाली. "त्यावर काय म्हणायचं ते म्हणून झालं असेल."

दुसऱ्या दिवशी ती पास होऊन आली. पेढे नव्हते, तिनं शेवयांची खीर केली. बाबांनी दोनदा मागून घेतली. चौथ्या दिवशी कचेरीतून येताना त्यांनी ब्लू बेच्या कांपमांची किल्ली आणली. एका सहकाऱ्याच्या ओळखीचं होतं, एका रात्रीसाठी मिळालं. किल्ली आईसमोर ठेवून ते म्हणाले, "शनिवारी दोनला निघू. जमेल?"

"जमेल," आई म्हणाली.

शनिवारी मागच्या सीटवर आम्ही दोघी, मध्ये पुऱ्यांचा डबा, बटाट्याची भाजी, चटणी, दोन चादरी आणि स्टोव्ह. बाबा आईच्या शेजारी मांडीवर नकाशा पसरून बसले. रस्ता एकच होता, तरी प्रत्येक वळणाआधी ते सांगत, "आता डावीकडे बघ." आई बघायची. क्युरपीपला नेहमीप्रमाणे बुरबुर पाऊस लागला आणि काचेवरचा वायपर अर्ध्यातच अडकायला लागला. आई थांबली, पदराच्या टोकानं काच पुसली आणि पुन्हा निघाली. नुव्हेल फ्रांसला मामा रस्त्यावर येऊन उभा होता. त्यानं चारही चाकांना लाथ मारून बघितली, आईला फक्त "हळू जा" म्हणाला आणि आमच्या हातात मक्याची भाजलेली कणसं दिली.

पुढे उतार लागला. उसाची तोडणी चालू होती, दोन्ही बाजूंनी लॉऱ्या. एका ओढ्यावर अरुंद पूल होता, एका वेळी एकच गाडी जाईल एवढा. आम्ही मध्यावर पोचलो आणि समोरून उसानं गच्च भरलेली लॉरी पुलावर चढली. ड्रायव्हरनं थांबवली नाही. आमच्यापासून दहा पावलांवर येऊन उभी केली, खिडकीतून डोकं काढलं आणि हातानं मागे जायची खूण करत ओरडला, "रेकिले, मादाम."

त्याच्या मागे आणखी दोन लॉऱ्या येऊन लागल्या. वर बसलेली माणसं हसायला लागली. बाबांनी दाराच्या कडीला हात घातला.

"मी उतरून त्याला समजावतो," ते म्हणाले. "पुलावर आधी आपण आलो."

"बसा," आई म्हणाली. "भरलेली लॉरी मागे नाही जात. त्याचं बरोबर आहे."

तिनं मान वळवली, डावा हात बाबांच्या सीटच्या पाठीवर ठेवला आणि आमच्या डोक्यांवरून मागच्या काचेतून बघत गाडी मागे घ्यायला सुरुवात केली. माझा चेहरा तिच्या चेहऱ्यासमोर होता. ती घाबरलेली नव्हती. डाळीतला खडा शोधताना ती जशी दिसायची, तशी दिसत होती. दोन्ही बाजूंना कठड्यापासून वीतभर अंतर राहिलं असेल. गाडी एकदाही थांबली नाही की वाकडी झाली नाही. पूल संपला, तिनं एकाच झटक्यात गाडी कडेला गवतावर घातली आणि वाट मोकळी करून दिली.

लॉऱ्यांवरचं हसणं थांबलं होतं. पहिली लॉरी आमच्या शेजारून जाताना हळू झाली. ड्रायव्हर म्हातारा होता. त्यानं डोक्यावरची हॅट काढली, छातीशी धरली आणि म्हणाला, "ब्राव्हो, मादाम." मागच्या दोघांनीही हॅट काढल्या.

बाबांनी नकाशाची घडी घातली आणि सीटखाली ठेवली.

ब्लू बेला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. आई बेटावर जन्मलेली, पण समुद्राकाठी ती कधी राहिली नव्हती. गंगास्नानाच्या दिवशी समुद्रालाच गंगा मानून गर्दीत पाय भिजवायचे आणि जेवायच्या आत परतायचं, एवढंच. संध्याकाळी बाबांनी स्टोव्ह पेटवला आणि तिला ओट्याशी येऊ दिलं नाही. त्यांनी केलेला चहा पातळ होता. ती व्हरांड्याच्या पायरीवर बसून तो प्याली आणि अंधार होईपर्यंत तिथून हलली नाही.

सकाळी आम्ही उठलो तर ती पाण्यात. सहावारी साडी खोचून कमरेइतक्या पाण्यात उभी होती. एक लाट आली आणि ती तोल जाऊन पडली, पूर्ण भिजली, आणि हसायला लागली. घरात ती ओठ मिटून हसायची. तिचं मोठ्यानं हसणं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मग आम्ही दोघी धावलो, आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बाबाही आले.

परतीला बो बासेंला शिरलो तेव्हा 'मंडळी'च्या, म्हणजे आमच्या मराठी लोकांच्या संस्थेच्या, भाषावर्गाची सुटी व्हायची वेळ झाली होती. दारात दहापंधरा माणसं उभी होती. बाबा म्हणाले, "इथं जरा थांबव."

ते उतरले आणि कोणी काही विचारायच्या आत सांगायला लागले, "ब्लू बेहून येतोय. रात्र तिथंच काढली. जाताना-येताना गाडी हिनंच चालवली." मग पुलाची हकीकत. आई स्टीअरिंगवर हात ठेवून खाली बघत होती, पण इंजिन तिनं बंद केलं होतं, म्हणजे तिला ऐकायचं होतं. बाबा सांगत होते तेव्हा वर्गात शिकवणाऱ्या बाई गर्दीतून वाट काढत आल्या आणि आईच्या खिडकीशी वाकल्या.

"वहिनी, लॉरीवरच शिकावं लागतं का?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही," आई म्हणाली. "पण लॉरीवर शिकलात तर नंतर काही अवघड वाटत नाही. रविवारी या, भावाला सांगून ठेवते."