टेकडीचं नाव

हनुवटी जराशी उचलून मामा म्हणायचे, ‘‘आमचं तिकडं.’’ शाळेच्या गच्चीवरून जंगल दिसायचं, पण त्यांनी त्याकडे कधी बोट केलं नाही. तिथं देव आहे, बोट दाखवू नये, एवढंच त्यांनी एकदा सांगितलं होतं.

बोरिवलीच्या आमच्या शाळेत ते शिपाई होते. नॅशनल पार्कातल्या एका वारली पाड्यावरून चालत यायचे. असा एखादा मामा तुमच्याही शाळेत असेल, सगळ्या वर्गांतली मुलं चेहऱ्यानं ओळखणारा. आमच्या मामांच्या खिशात करवंदं नाहीतर आवळे असायचे. रडणाऱ्या मुलाच्या हातावर ते ठेवून म्हणायचे, ‘‘खा, मग रड.’’ खाऊन झाल्यावर बहुतेक मुलं रडायचं विसरत.

मी इतिहास शिकवायचे. एका वर्षी सहावीची सहल कान्हेरीला नेली, मामा सोबत होते. लेण्यांच्या वाटेवर ते थांबले आणि मुलांना समोरच्या टेकडीचं आपल्या बोलीतलं नाव सांगू लागले. त्या उतारावर त्यांचा आजा नागली पिकवायचा. मग जंगल सरकारी झालं आणि शेती बंद पडली. मुलं लेणी विसरून ऐकत होती. मला घाई होती. सगळ्यांसमोर मी म्हटलं, ‘‘मामा, मुलांना काहीबाही सांगू नका. हे परीक्षेत येत नाही.’’

‘‘बरं, बाई,’’ म्हणून ते पाण्याचा कॅन उचलून रांगेच्या मागे गेले.

निवृत्तीनंतर मी मुलीकडे न्यूझीलंडला गेले. तिनं मला तारानाकी दाखवायला नेलं. हिरव्या कुरणांतून एकटाच वर आलेला, माथ्यावर बर्फ असलेला डोंगर. सोबतची माओरी गाइड त्याला आपला पूर्वज म्हणत होती. गोऱ्यांनी भोवतालची जमीन हिसकावली, डोंगराला एका इंग्रज उमरावाचं नाव दिलं, शाळेत आपली भाषा बोलणाऱ्या पोरांना छड्या मारल्या, हे ती आवाज न चढवता सांगत होती. माझे डोळे भरून आले. परतताना मी मुलीला म्हटलं, ‘‘किती निर्दयी माणसं गं!’’

मुलगी गाडी चालवत होती. सहावीच्या त्या सहलीत तीही होती. म्हणाली, ‘‘आई, तू मामांना गप्प केलंस ना, तेव्हा मी तुझ्या मागेच उभी होते. मला मैत्रिणींकडे बघवेना.’’



मुंबईला आल्यावर मामांचा पत्ता काढला. पाडा उठला होता. पुनर्वसनाच्या एका इमारतीत सातव्या मजल्यावर ते मुलाकडे राहत होते. खूप वाळले होते. मी टेकडीचं नाव विचारलं, त्यांनी सांगितलं, मी वहीत लिहून घेतलं. मग म्हटलं, ‘‘त्या दिवशी मी चुकले, मामा. मला माफ करा.’’

ते माझ्याकडे बघत आठवू लागले. शेवटी तेच ओशाळले.

‘‘तुम्ही होता काय त्या? असं पुष्कळ जण बोलायचे, बाई. कोण ते ध्यानात नाही राहत.’’

मी वही मिटून उठले.

मी लिफ्टनं खाली येऊन रिक्षा शोधत होते. मामांना लिफ्टची धास्ती वाटायची. सात मजले जिन्यानं उतरून ते धापा टाकत फाटकापर्यंत आले, रिक्षा थांबवली आणि म्हणाले, ‘‘जपून जावा, बाई.’’

त्यानंतर दोन महिन्यांनी ते गेले. मला कळलं तेव्हा तेरावाही होऊन गेला होता.