सोमवार कोणी धरायचा

आमच्या घरात सोमवार आईचा. बाकीचे सहा वार सगळ्यांचे. सोमवारी सकाळी ती कोरा चहा घ्यायची, देवापुढे उदबत्ती फिरवायची आणि मासळीची पाटी घेऊन बाजारात जायची. मग दिवेलागणीपर्यंत तिच्या पोटात पाण्याशिवाय काही जायचं नाही. साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, शेंगदाण्याचे लाडू असले उपासाचे लाड तिला मान्य नव्हते. "ह्यां सगळां खावचा, तर मगे भातान काय घोडां मारलां?" असं विचारायची. संध्याकाळी दिवा लावला की भात आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं, एवढ्यावर उपास सुटायचा.

मासे विकणारी बाई आणि तिचा कडक सोमवार, ह्याची लोकांना भारी गंमत वाटायची. सोमवारी आमच्याकडे अर्धा तालुका शिवराक असतो, म्हणजे मासमच्छीला हात लावत नाही. पण हॉटेलवाल्यांना मासे लागतातच, आणि किनाऱ्यावर आलेल्या पर्यटकांना कुठला सोमवार नि कुठला मंगळवार. त्यामुळे आई बाजारात बसायची. एकदा एका गिऱ्हाइकाने, बहुतेक कुठल्याशा शाळेतले गुरुजी असावेत, सुरमईचे तुकडे करून घेता घेता तिला विचारलं, "मावशी, हात माशात आणि उपास देवाचा, हे जमतं कसं?" आईने कोयती थांबवली नाही. म्हणाली, "म्हावरां देवान केल्यान, उपास माझो. हेच्यात भांडाण खंय इला?" गुरुजी हसले. भाव काही कमी झाला नाही.

मी तिच्याच बाजूला बसून मासे विकायला शिकले. आता माझेही केस पांढरे व्हायला लागलेत, पण बाजारात मी अजून "तिची मुलगी" म्हणूनच ओळखली जाते, आणि मला ते आवडतं. तरुणपणी मीही सोमवार धरून पाहिला. दुपार होईपर्यंत निम्म्या गिऱ्हाइकांशी माझी भांडणं झालेली असायची. शेवटी आईच म्हणाली, "तू जेव गो बाय. तुझ्या उपासान देव पावात तेवा पावात, गिऱ्हाईक आधी पळतला." मी लगेच ऐकलं. आईचं इतक्या पटकन मी दुसरं काही ऐकल्याचं आठवत नाही.

ती हा उपास कशासाठी करते, हे आम्ही कधी विचारलं नाही. आम्ही धरून चाललो होतो की बाबांसाठी. बाबा होडीवर जायचे, आणि ज्या घरातला माणूस समुद्रात जातो त्या घरातली बाई काही ना काही धरतेच. पण बाबा म्हातारे होऊन घरच्या खाटेवर शांतपणे गेले, त्यालाही बरीच वर्षं झाली, आणि आईचा सोमवार चालूच राहिला. मग आम्ही म्हटलं, सवय असेल. आपल्याच आईला असलं काही विचारायला जीभ रेटत नाही.

मग तिला साखरेचं दुखणं लागलं. गोळ्या सुरू झाल्या. ती गोळ्या नेमाने घ्यायची, सोमवारीही घ्यायची, आणि जेवायची मात्र नाही. ह्यात काही चूक आहे हे तिच्या ध्यानात आलं नाही, आणि खरं सांगायचं तर आमच्याही आलं नाही. डॉक्टरांनी पथ्यं सांगितली होती, पण सोमवार हे आमच्या घरात विचारून घेण्यासारखं काही आहे असं कोणाला वाटलंच नव्हतं.

मे महिन्यातल्या एका सोमवारी, भर गर्दीत, बांगडे मोजून देता देता तिचा हात थांबला. घामाने पाठ भिजली होती. मी वळून बघितलं तर ती माझ्याकडे अनोळखी नजरेने बघत म्हणाली, "अगो, तू कोणाची?"

शेजारच्या चहावाल्याकडून मूठभर साखर आणून मी तिच्या तोंडात घालायला गेले, तर बाईने दात घट्ट आवळून धरले. स्वतःची मुलगी ओळखता येत नव्हती, पण आज सोमवार आहे हे पक्कं ध्यानात होतं. मला एकाच वेळी रडू आलं आणि राग आला. आणि आज कबूल करायला हरकत नाही, त्या गोंधळातसुद्धा आतून कुठेतरी मला तिचा अभिमान वाटला. दवाखान्यात सलाईन लावल्यावर ती माणसात आली.

डॉक्टर तरुण होते आणि भले होते. ते समोर बसून शांतपणे म्हणाले, "आजी, गोळी चालू असताना उपास चालणार नाही. साखर अशी एकदम उतरली तर जिवावर बेतेल. पुढच्या वेळी इथपर्यंत पोचालच असं नाही."

"मगे सोमवारची गोळी नको," आई म्हणाली.

"तेही चालणार नाही. गोळी पण घ्यायची आणि जेवायचं पण."

पण आईचं ठरलेलं होतं. घरी आल्यावर मी आरडाओरडा केला, शेजारणींना बोलावलं, शपथा घातल्या. ती उशीला टेकून ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "डाक्टराक इचारून मी सोमवार धरूक नाय. तेच्या सांगण्यान सोडूचंय कसो?"

तेव्हा माझा भाऊ बोलला. तो आचऱ्याच्या एका मोठ्या होडीवर कामाला जातो आणि घरात फार कमी बोलतो. म्हणाला, "जेच्यासाठी धरलंस, तेकाच इचारूया. कौल लावया." आई ताबडतोब हो म्हणाली.

आमच्याकडे अडलेल्या गोष्टी देवाला विचारायची पद्धत आहे. देवळातले गुरव देवाच्या पाषाणावर पाण्यात भिजवलेले कळे, म्हणजे फुलांच्या पाकळ्या, उजवीकडे आणि डावीकडे चिकटवतात. मग देवाला गाऱ्हाणं घालतात, म्हणजे आपली अडचण मोठ्याने सांगतात, आणि सगळे "होय म्हाराजा" म्हणून साथ देतात. उजवा कळा आधी पडला तर देवाचा होकार, डावा पडला तर नकार. लग्नापासून होडी विकत घेण्यापर्यंत माणसं कौल घेतात. देवाने हो म्हणायलाच हवं असा हट्ट धरून मात्र कोणी जात नाही. मी गेले होते.

पुढच्या रविवारी सकाळी आम्ही तिघं देवळात गेलो. सभामंडपात गावातली काही वडीलधारी मंडळी बसली होती. गुरवांनी कळे लावले आणि खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरां आज तुझ्या पायाकडे इली आसत. हेंच्या आवशीक दुखणा झालेला आसा. डाक्टर म्हणता जेव, ती म्हणता जेवचंय नाय. सोमवारी तिना जेवक तुझो हुकूम आसा तर उजवो दी, नि हेंका मार्ग दाखय रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

आम्ही डोळे लावून बसलो. डावा पडला.

मी आईकडे बघितलं. तिचा चेहरा उजळला होता. नवऱ्याने माहेरी जायला नको म्हटल्यावर एखादी नवी नवरी आतून खूश व्हावी, तशी ती खूश होती. आणि माझं डोकं फिरलं. देवळात आहोत, समोर मोठी माणसं आहेत, कशाचंही भान राहिलं नाही. मी पाषाणाकडे बोट करून ओरडले, "माझ्या आयेक मारूक बघता काय हो?" भावाने माझा हात धरला. गुरव म्हणाले, "गो बाय, तोंड सांभाळ." मी काही तोंड सांभाळलं नाही. पण मग मी तिथेच खांबाला धरून हुंदके देऊन रडायला लागले.

आईने माझ्याकडे पाहिलं. मग ती उठली, पदर कमरेला खोचला आणि पाषाणासमोर जाऊन उभी राहिली. बाजारात ओळखीचं गिऱ्हाईक फारच ताणायला लागलं की ती अशी उभी राहते. गाऱ्हाणं गुरवाने घालायचं किंवा मानकऱ्याने. बाईमाणसाने घातलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. गुरवांनी मंडळींकडे पाहिलं. भाऊ म्हणाला, "बोलांदेत तिका."

ती बोलली ते शब्द न् शब्द माझ्या लक्षात आहेत.

"म्हाराजा, तू माका सोडूक तयार नाय, तां माका कळला. बरां वाटला. पण आता माझा ऐक. इतकी वर्सां सोमवार मी धरलंय. घोवासाठी न्हय, पोरांसाठी न्हय. बाजारात बसल्यार तुझी आठवण काढूक माका वेळ खंय? पण दुपारी पोटात आग पडली, की तू आठवस. तेवढ्यासाठी मी उपाशी ऱ्हवलंय. आता कुडीक जमणा नाय, आणि ह्यां चेडू रडता. म्हणान मी जेवतलंय. पण सोमवार मोडूचो नाय. आता तो तू धर. मी जेवतंय, तू उपाशी ऱ्हव. दुपारची तुका भूक लागांदे, नि तुका माझी आठवण येवंदे. होय की नाय, सांग रे म्हाराजा!"

इतक्या वर्षांचं कारण आम्हाला तेव्हा कळलं, तेही आम्हाला सांगितलेलं नव्हतंच. "होय म्हाराजा" म्हणायला कोणाचं तोंड उघडेना. मग भावाने म्हटलं. मग मी म्हटलं, रडक्या आवाजात. मग मंडपातली ती सगळी वडीलधारी माणसं एका आवाजात म्हणाली, "होय म्हाराजा!" त्या दिवशी माझी छाती जी फुगली, ती अजून खाली बसलेली नाही. अख्ख्या जिल्ह्यात देवाला उपास घालून देणारी बाई एकच, आणि मी तिची मुलगी.

गुरवांनी कळे पुन्हा भिजवून लावले. आई बघायला थांबली नाही. ती पायऱ्यांवर चपला शोधत होती तेव्हा आतून गुरवांचा आवाज आला, "उजवो पडलो गो!"

"पडतलोच," आई म्हणाली.

गुरव बाहेर आले. त्यांना वेगळीच काळजी लागली होती. डोकं खाजवत म्हणाले, "मगे सोमवारचो दुपारचो नैवेद्य? तो तर दाखवचोच लागतलो."

आईने विचार केला. "तू दाखय. तुझा काम तू कर."

"आणि तो?"

"तो खायत नाय."

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. मी बाजारात गेले नाही. दुपारी आईचं ताट वाढलं, भात, सांबारं, बाजूला पापड. तिने गोळी घेतली, ताटाभोवती पाणी फिरवलं आणि पहिला घास उचलला. तो हातातच राहिला. ती दाराबाहेर बघत होती, देऊळ ज्या बाजूला आहे त्या बाजूला. ही आता उठते की काय म्हणून मी पुढे सरकले.

"काय झाला गो आये?"

"काय नाय," ती म्हणाली. "तेका आता भूक लागली आसतली."

आणि तिने घास तोंडात घातला.