बुधवारचं थेट प्रक्षेपण

कंपनीत त्याला नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. दिवसभर माइकसमोर "हॅलो, हॅलो" करत बसणाऱ्या माणसाला लोक दुसरं काय म्हणणार? साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांचा तो हॅलोकाका. गळ्यातल्या ओळखपत्रावर 'दृक्‌श्राव्य साहाय्यक' असं भारदस्त काहीतरी छापलेलं होतं, पण ते वाचायची तसदी कुणी घेतली नव्हती.

बावीस वर्षांपूर्वी लाउडस्पीकर दुरुस्तीच्या दुकानातून तो इथे आला, तेव्हा सभागृहात एक खटारा प्रोजेक्टर आणि दोन माइक होते. पुढे टेबलाच्या मधोमध ठेवायचा तीन पायांचा फोन आला आणि साहेबलोक त्याच्याभोवती शेकोटीला बसल्यासारखे बसू लागले. मग कॅमेरे आले, भिंतीएवढे पडदे आले, आणि शेवटी असे दिवस आले की बोलणारा एका इमारतीत, ऐकणारे चार गावांत आणि मध्ये हॅलोकाका. उंटावरून शेळ्या हाकायची इतकी चांगली सोय जगात पूर्वी कधी झाली नसेल. प्रत्येक साधन त्याने स्वतःच्या डोक्याने शिकून घेतलं, कारण शिकवायला कुणी येत नसे, बिघडल्यावर ओरडायला मात्र येत.

सभागृहाच्या मागे काचेची एक खोली होती, खाटेच्या मापाची. तिथे त्याचे दोन पडदे, बटणांची पाटी आणि कानाचं कापड झिजलेला हेडफोन. त्या कापडावर त्याने जुन्या मोज्याचा तुकडा शिवून घेतला होता. त्या हेडफोनमधून त्याने काय काय ऐकलं नव्हतं? कोणता साहेब आकडा चुकण्याआधी दोनदा घसा खाकरतो, कोण माइक बंद आहे असं समजून शेजाऱ्याची निंदा करतो, कुणाच्या घरी कोण रडतं. पण बाहेर चकार शब्द नाही. "या खोलीत ऐकलेलं या खोलीतच राहतं," असं तो म्हणायचा, आणि म्हणताना त्याची मान थोडी ताठ व्हायची. माणसाला कशाचा तरी अभिमान लागतोच. याला आपल्या बंद तोंडाचा होता.

या खोलीतलं सगळ्यात मोठं गुपित मात्र दुसरंच होतं. मोठ्या साहेबांचं 'थेट प्रक्षेपण' कधीच थेट नसायचं. काही वर्षांपूर्वी बड्या ग्राहकांपुढे सादरीकरण चालू असताना लाइन तुटली, आणि तोंड उघडलेल्या अवस्थेत साहेब चार मिनिटं पडद्यावर गोठून राहिले. तेव्हापासून भाषण दोन दिवस आधी रेकॉर्ड करायचं आणि ठरल्या वेळी 'लाइव्ह' असा लाल ठिपका लावून सोडायचं, ही पद्धत पडली. शेवटी प्रश्नोत्तरं असतील तर साहेब तोच शर्ट, तोच टाय घालून खरोखर कॅमेऱ्यापुढे येत. कोणत्या भाषणाला कोणता टाय, याची वहीसुद्धा हॅलोकाकाच ठेवायचा.

दर रेकॉर्डिंगच्या आधी तो माइकमध्ये वार, तारीख, विषय आणि कितवा टेक ते बोलायचा, म्हणजे नंतर फायलींचा घोळ नको. मग ते सात-आठ सेकंद कापून टाकायचे आणि उरलेली प्रत पाठवायची. आजवर एकदाही ते कापायचं राहिलं नव्हतं.

त्या बुधवारी अकरा वाजता साहेब आले ते एकटे नाहीत, एचआरच्या बाईंना घेऊन. बाईंनी दार लावून घेतलं आणि काकासमोर एक कागद ठेवला. आज ऐकाल ते शुक्रवारी दहापर्यंत कुणाला सांगायचं नाही, सांगितल्यास नोकरी जाईल. एवढंच दोन पानांत लिहिलं होतं.

"सहीची कशाला गरज, मॅडम?" काका म्हणाला. "बावीस वर्षांत कधी काही बाहेर गेलंय का?"

"तसं नाही काका. तुमचे मेहुणे दोन नंबरच्या प्लांटला आहेत ना? म्हणून जरा जास्त काळजी."

काकाने सही केली. पहिल्या टेकला साहेबांचा आवाज चिरकला. दुसऱ्या टेकला त्यांनी झकास सांगितलं की दोन नंबरचा प्लांट महिनाअखेरीस बंद होत आहे, हा निर्णय घेताना त्यांचं मन जड झालं आहे, आणि तुम्ही सगळे माझं कुटुंब आहात. मग टाय सैल करत त्यांनी विचारलं, "चेहरा पुरेसा गंभीर आला ना?" काका म्हणाला, "आला, साहेब."

दोन नंबरच्या प्लांटमध्ये मेहुण्याला चिकटवणारा हॅलोकाकाच होता. धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा मुलाला धड काम नव्हतं, म्हणून यानेच तेव्हाच्या मॅनेजरचे उंबरे झिजवले. मेहुणा हाताचा चांगला निघाला. अठरा वर्षांत प्लांटमधलं एकही यंत्र असं राहिलं नव्हतं जे त्याने उघडून पुन्हा बसवलं नसेल. घरात कसलाही निर्णय घ्यायचा तर बहीण म्हणायची, "थांबा, दादाला विचारते." कुकर कोणता घ्यायचा इथपासून मुलीला कोणत्या शाळेत घालायचं इथपर्यंत सगळं दादाला विचारून चालायचं.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत तिचा फोन आला. काका त्याच काचेच्या खोलीत डबा उघडून बसला होता.

"दादा, एक विचारायचं होतं. यांना शीतगृहवाल्यांनी बोलावलंय. देखभालीचा सगळा विभाग यांच्याकडे देणार म्हणतात. पण आज पाचच्या आत हो की नाही कळवायचंय, त्यांच्याकडे दुसरा माणूस तयार आहे. हे म्हणतात, अठरा वर्षं झाली, इथं सगळे ओळखीचे, कशाला उगाच? मला काही सुचत नाही. तू हेड ऑफिसला असतोस. तुझ्या कानावर काही आलंय का?"

काकाच्या हातात घास होता. डोळ्यांसमोर मात्र बहीण आली नाही, मेहुणा आला नाही, भाचीसुद्धा आली नाही. आल्या त्या एचआरच्या बाई. गुरुवारी पाचला मेहुण्याने राजीनामा दिला आणि शुक्रवारी दहाला प्लांट बंद होत असल्याचं जाहीर झालं, तर दोन अधिक दोन करायला बाईंना बोटंसुद्धा मोजावी लागणार नव्हती. छप्पन्नाव्या वर्षी त्याला कोण नोकरी देणार? लाउडस्पीकर दुरुस्तीची दुकानं तरी कुठे राहिली आहेत?

"कंपनी जुनी आहे," तो म्हणाला. मागून कुणी ढकलावं तसं पुढचंही भराभर तोंडातून गेलं. "हातचं सोडून पळत्याच्या मागे कशाला लागायचं? शीतगृहाचं आज आहे, उद्या नाही. राहा म्हणावं त्यांना. सांग, दादाने सांगितलंय."

"बरं झालं बाई तुला विचारलं," बहीण म्हणाली. तिच्या आवाजातला भार उतरलेला त्याला स्पष्ट कळला. आवाज ओळखण्यातच त्याची हयात गेली होती. फोन ठेवून त्याने डबा शेवटच्या घासापर्यंत खाल्ला. पुढे या सगळ्यात त्याला सर्वांत जास्त लाज वाटली ती त्या डब्याची.

शुक्रवारी सव्वानऊला एचआरच्या बाई धावत आल्या. "काका, ते 'तुम्ही माझं कुटुंब आहात' काढून टाका. वकील म्हणतात, उद्या कुणी कोर्टात गेलं तर असलं वाक्य अंगाशी येईल."

"आता? सगळं चढवून ठेवलंय, मॅडम."

"दहा मिनिटांचं तर काम आहे."

काम दहा मिनिटांचंच होतं. कापायच्या कामात काकाचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण आदल्या रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता, बाई मानेवर उभ्या होत्या, आणि साफ केलेल्या प्रतीऐवजी त्याने बुधवारची मूळ फाइल उघडली. त्यातून कुटुंब काढलं, प्रत चढवली, लाल ठिपका लावला. बाई समाधानाने साहेबांच्या केबिनमध्ये चहाला गेल्या.

डाव्या पडद्यावर चारही ठिकाणच्या चौकटी होत्या. दोन नंबरच्या चौकटीत प्लांटचं कँटीन दिसत होतं, दोनशे माणसं, निळे कपडे, खांबाशेजारी दुसऱ्या रांगेत मेहुणा. सगळ्यांचे माइक बंद ठेवायचे, चॅट बंद, प्रश्न नाहीत, असा लेखी हुकूम होता. बरोबर दहाला काकाने बटण दाबलं.

आणि त्याच्या कानात त्याचाच आवाज आला. "बुधवार, अकरा तारीख. साहेबांचं निवेदन, दोन नंबर प्लांट बंद. टेक दुसरा. हं, बोला साहेब."

हात बटणाकडे गेला आणि तिथेच राहिला. थांबवून तरी काय होणार होतं? बाण सुटला होता. त्यानंतर साहेब गंभीर चेहऱ्याने अकरा मिनिटं बोलले, पण कँटीनमध्ये त्यांच्याकडे कुणी पाहत नव्हतं. तो आवाज सगळ्यांच्या ओळखीचा होता, आणि तो कुणाचा नातेवाईक हेही सगळ्यांना ठाऊक होतं. एकेक निळी पाठ वळत गेली आणि दोनशे माणसं खांबाशेजारच्या माणसाकडे बघू लागली. याला आधीच माहीत होतं आणि हा आमच्याबरोबर मुकाट बसून राहिला, असं त्यांना वाटत असणार हे काकाला आवाजाशिवायही कळलं. शेजारी बसलेला एकजण तर उठून दुसऱ्या बाकावर गेला.

मेहुणा उठला. रांगेतून वाट काढत कॅमेऱ्याच्या अगदी पुढे आला, इतका की चौकटीत नुसता त्याचा चेहरा मावला. तो काहीतरी म्हणाला. माइक बंद होता, पण इतकी वर्षं माइक बंद ठेवून बोलणाऱ्या लोकांना बघून बघून काकाला ओठ वाचता येऊ लागले होते. मेहुणा विचारत होता, "दादा, ऐकू येतंय का?"

चौकटीच्या कोपऱ्यात माइकचं चिन्ह होतं. एक टिचकी मारली की झालं. हुकूम मोडला असता, कदाचित नोकरी गेली असती, पण दोनशे माणसांपुढे 'यांना काही माहीत नव्हतं' एवढं तरी म्हणता आलं असतं. हॅलोकाकाने टिचकी मारली नाही. मेहुणा दुसऱ्यांदा तेच विचारून थांबला, मग चौकटीतून बाजूला झाला. अकराव्या मिनिटाला प्रक्षेपण संपलं.

दुपारी एचआरच्या बाईंनी बोलावून घेतलं. काकाला वाटलं, आता गचांडी. पण बाई फारशा रागावल्या नव्हत्या. एकूण उपस्थिती चांगली होती, लाइन कुठेही तुटली नाही, साहेब खूश आहेत, सुरुवातीचे आठ सेकंद 'तांत्रिक दोष' म्हणून नोंदवून घेतले आहेत. "आणि काका," त्या म्हणाल्या, "मेहुण्यांना तुम्ही सांगितलं नाहीत, याची आम्ही दखल घेतली आहे." बावीस वर्षांत कंपनीने त्याची घेतलेली ही पहिली दखल.

शनिवारी संध्याकाळी तो बहिणीकडे गेला. दार भाचीने उघडलं आणि ती आतल्या खोलीत निघून गेली. मेहुणा टेबलाशी बसून मिक्सरचं भांडं दुरुस्त करत होता. समोरची खुर्ची त्याने पायाने थोडी पुढे सरकवली, एवढंच. बहीण ओट्याशी पाठमोरी उभी होती.

"शीतगृहवाल्यांना पुन्हा विचारून बघितलंत का?" काकाने विचारलं.

"काल दुपारी केला होता फोन," मेहुणा भांड्यातून मान वर न करता म्हणाला. "दुसरा माणूस घेतला त्यांनी." मग स्क्रू घट्ट करत हळूच म्हणाला, "कँटीनमध्ये आता माझ्याशी कोणी बोलत नाही. महिनाअखेरपर्यंत जायचंय तिथे अजून."

"दाजी, मी सही केली होती. तोंड उघडलं असतं तर माझी नोकरी गेली असती. माझे हात बांधले होते हो."

मेहुण्याने पुढचा स्क्रू उचलला. बहीण वळली. तिचे डोळे कोरडे होते, आणि आवाज इतका साधा होता की काकाला त्यात कुठे धरायला जागा सापडेना.

"सांगितलं का नाहीस, असं मी विचारतच नाही, दादा. नोकरी आहे, सही आहे, मला कळतं. लहानपणापासून तुला खोटं बोलायचं नसलं की तू गप्प बसतोस, तेही मला ठाऊक आहे. परवा तू नुसता गप्प बसला असतास, तरी मी समजले असते. 'मला माहीत नाही' म्हणून फोन ठेवला असतास, तरी मी समजले असते, आणि पाचच्या आत यांना पाठवलं असतं. कुणाला कळलंही नसतं. पण तू 'राहा' म्हणालास."

काकाने बोलायला तोंड उघडलं.

"आता नको," बहीण म्हणाली. "आता गप्प बस."