बंद पंखा

अकोल्यात दुपारी लाइन गेली, पंखा थांबला की मी बोलता बोलता गप्प होतो. "काहून थांबले?" बायको विचारते.

तेल्हाऱ्याकडच्या आमच्या गावात आम्ही काही जण पदरमोड करून छोटं रेडिओ केंद्र चालवायचो. माइकमध्ये घरघर येऊ नये म्हणून रेकॉर्डिंगला पंखा बंद ठेवावा लागे. शेजारच्या शोभाकाकू कार्यक्रमात बोलायच्या तेव्हा पंख्याच्या बटणापाशी त्यांचे यजमान, काका, उभे असत.

काकू वारल्यावर त्यांचा आधीच रेकॉर्ड केलेला कार्यक्रम लावला. आवाज सुरू होताच काकांनी उठून पंखा बंद केला.

"काका, राहू द्या ना चालू."

"शोभा बोलून राहिली ना."

काकू अंबाडीची भाजी कशी करायची ते सांगत होत्या. आवाज घुमू नये म्हणून भिंतीला लावलेल्या गोणपाटाचा वास येत होता. तेव्हा मला काही वाटलं नाही, नुसतं उकडत होतं.

कार्यक्रम संपला. काका बटणापाशीच उभे होते. पंखा कुणी लावायचा, ते आम्हाला कळेना.