हौसाआत्याचा वांग

हौसाआत्या आमच्या गावची धवलारीण, म्हणजे लग्नात धवले गाऊन विधी पार पाडणारी बाई. उलव्याच्या आसपास तिच्या आवाजाशिवाय मांडवाला शोभा नव्हती. पण पन्नाशीच्या आतच तिच्या दोन्ही गालांवर वांगाचे काळे डाग पसरले आणि एका लग्नात वराकडची कुणी बाई बोलून गेली, "शुभकार्याला हे असलं तोंड?" तेव्हापासून आत्या पदर ओढून गाऊ लागली, मग गायचीच थांबली. मला त्या बाईचा अजून राग येतो.

माझ्या धाकट्या बहिणीचं, अंकिताचं, लग्न ठरलं तेव्हा आत्याने सांगून टाकलं, "तोंड साफ झालं तर गाईन, नायतर सीडी लावा."

मी तेव्हा, २०११ साली, पनवेलला त्वचेच्या दवाखान्यात रिसेप्शनला होते. तिला डॉक्टर अरुंधतींपुढे नेऊन बसवलं. आत्याला लेझरच हवं होतं. इस्त्री फिरवली की चुणी जाते, तसा डाग जाईल असं तिला वाटायचं.

"लेझर काही डागांवर चांगलं चालतं," डॉक्टर म्हणाल्या, "पण आपल्या सावळ्या कातडीवरचा वांग त्याच्या उष्णतेने कधी कधी उलट वाढतो. पीलमध्ये सौम्य आम्ल लावतात. वरचा पापुद्रा निघतो, डाग हळूहळू फिकट होतो. पूर्ण जाईल असं मी दोन्हींत सांगणार नाही. उन्हापासून जपायचं, क्रीम रोज लावायचं. आणि पीलनंतर सालं निघताहेत तोवर हळद-बिळद काही नाही."

आत्याने पील घेतलं. महिन्याभरात डाग खरंच फिकटले, आणि तिला हुरूप आला. पण अति तिथे माती! हळदीच्या चार दिवस आधी, माझी सुट्टी बघून, डॉक्टरांपुढे लग्नाचा शब्दही न काढता ती दुसरं पील करून आली.

हळदीच्या संध्याकाळी तिच्या गालांची सालं निघत होती, खाली लालभडक. आमच्या घरची रीत अशी, की धवलारणीच्या गालाला हळद लागते, मग ती गाते, मग नवरीला हळद चढते. आत्या मांडवाबाहेर जाऊन बसली.

"गालाला हळद चालत नाय," ती मला म्हणाली. "बिनहळदीची गाऊ कशी? पोरीला अपशकुन होईल गो."

मी चिडले होते, तिला चार शब्द सुनावणारही होते. तेवढ्यात हळदीची वाटी घेऊन अंकिताच बाहेर आली आणि आत्यासमोर जमिनीवर बसली.

"आत्या, पाय पुढं कर."

"अगो, नवरी तू! माज्या पायाशी बसतेस?"

"तू गायली नाहीस तर मी हळद लावून घेणार नाय."

तिने आत्याचे दोन्ही पाय घोट्यापर्यंत पिवळे केले. आत्याला रडू फुटलं. डोळ्यांतलं पाणी सोललेल्या गालांवर आलं तशी ती कळवळली, "झोंबतंय गो!" आणि हसली. मग ती उघड्या तोंडाने मांडवात आली, अंकिताला पाटावर बसवलं आणि पहिला धवला सुरू केला.