शेवटच्या डब्यातली जागल

सकाळी विमानतळावरून शहराकडे निघणाऱ्या मेट्रोच्या पुढच्या डब्यांत विमानातून उतरलेली माणसं असतात. चाकांच्या बॅगा, अत्तराचे वास आणि फोनवर सारखं "पोचलो, पोचलो". आता पोचलात ना, मग गप्प बसा की! पण नाही. शेवटच्या डब्यात मात्र शुकशुकाट. तिथे रात्रपाळी संपवून घरी निघालेली विमानतळाची माणसं बसतात, आणि गाडीचं दार लागायचा अवकाश, की एकेकाची मान कलायला लागते.

आता सगळेच झोपले तर उठवणार कोण? म्हणून त्या डब्यात एक रीत पडली होती. रोज एकाने जागं राहायचं. त्याला जागल म्हणत. झोपणाऱ्याने जागल्याला आपलं स्टेशन सांगायचं, मग बेलाशक झोपायचं. स्टेशन जवळ आलं की जागल्या खांद्याला हात लावून उठवणार. आणि उठणाऱ्याने उतरण्याआधी त्याचं भाडं चुकतं करायचं, म्हणजे झोपेत काय पाहिलं ते सांगायचं. स्वप्न पडलं नसेल तर दुसऱ्या दिवशी दोन सांगायची. उधारी होती, पण माफी नव्हती.

ही जागल खरं तर पाळीपाळीने करायची. पण गेली कित्येक वर्षं ती एकट्या घडीवाल्या वहिनीच करत होत्या. "झोपा हो तुम्ही, मला काही झोप येत नाही," असं म्हणून त्यांनी प्रत्येकाची पाळी आपल्या अंगावर घेतली होती, आणि फुकट मिळालेली झोप कोण नाकारतो?

घडीवाल्या का, तर वहिनींचं कामच ते. विमानातली पांघरुणं धुऊन, वाळून, यंत्रातून गरम गरम बाहेर पडायची आणि वहिनी रात्रभर त्यांच्या घड्या घालायच्या. पांघरूण छातीशी धरायचं, हनुवटीखाली दाबायचं, दोन्ही हात जुळवायचे, की झाली घडी. पहाटेपर्यंत त्यांच्या हातांना, गळ्याला, गालांना दुसऱ्यांच्या झोपेची ऊब लागलेली असायची. सगळ्या जगाला पांघरूण घालायचं आणि आपण टक्क जागं राहायचं, असा तो सगळा कारभार होता.

झोप येत नाही हे मात्र साफ खोटं होतं. झोप यायची, लोंढ्यासारखी यायची. वहिनीच तिला दारात उभी करत नसत. पूर्वी त्याही याच डब्यात मान टाकून झोपायच्या. अशाच एका सकाळी त्या झोपलेल्या असताना पिशवीच्या तळाशी फोन वाजत राहिला, वाजून वाजून थांबला, पुन्हा वाजला. जाग आली तेव्हा कळलं, की नवऱ्याच्या कमरेवर फरशांची थप्पी कोसळलीय आणि त्यांना केव्हाच दवाखान्यात नेलंय. नवरा फरशी बसवणारा. शहराच्या मधल्या मोठ्या स्टेशनाच्या फलाटावरची फरशी त्यांच्याच हातची. त्या दिवसापासून ते पलंगावर, आणि त्या दिवसापासून वहिनींचा फोन गाडीत मुठीत आणि डोळे उघडे.

नवरा मोठा मानी. दवाखान्यातून घरी आले त्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं होतं, "रात्री तू कामावर, दिवसा माझं करणार, मग झोपणार कधी? ज्या दिवशी मला कळेल की माझ्यापायी तुझी झोप गेली, त्या दिवशी मी धाकट्याकडे जाऊन राहीन." धाकटा म्हणजे त्यांचा भाऊ, दूर दुसऱ्या गावी. नुसतं बोलून थांबले नाहीत, कपड्यांची बॅग भरून पलंगाखाली ठेवायला लावली. बोलल्याप्रमाणे वागणारा माणूस. वहिनींच्या मनात आलं, हा माणूस घरात नसेल तर ते घर कसलं? त्यांचं करताना कंबर मोडायची हे खरं, पण सकाळी दार उघडल्यावर "आलीस का गं?" हा आवाज आला नाही, तर आपण दारातच बसून राहू, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

म्हणून पहिल्याच दिवशी नवऱ्याने विचारलं, "गाडीत झोपलीस का?" तेव्हा त्या म्हणाल्या, "हो तर! मस्त झोपले."

"काय स्वप्न पडलं?"

चोराच्या मनात चांदणं. वहिनी क्षणभर गडबडल्या, आणि मग त्या दिवशी भाड्यात मिळालेलं एक स्वप्न त्यांनी स्वतःचं म्हणून देऊन टाकलं.

तेव्हापासून ते रोजचंच झालं. डब्यातली स्वप्नं वहिनी जपून घरी न्यायच्या. पाखरंवाले काका, ज्यांचं काम धावपट्टीवरची पाखरं हाकलायचं, त्यांच्या स्वप्नात ती पाखरं रांगेत उभी राहून खिडकीजवळची जागा मागायची. ट्रॉल्या ढकलणाऱ्याच्या स्वप्नात ट्रॉल्या हिरव्या माळावर चरत असायच्या आणि संध्याकाळी हाक मारली तरी घरी यायच्या नाहीत. कॉफीवाली पोर एकदा डोळे चोळत म्हणाली होती, की सगळ्या विमानतळावर गुडघाभर दूध साचलंय आणि त्यात बॅगा तरंगतायत आणि कुणालाच कसली घाई नाही. वहिनी हे सगळं पलंगाच्या कडेला बसून सांगायच्या. नवरा डोळे मिटून ऐकायचा, हसायचा, आणि शेवटी हमखास विचारायचा, "आणि तिसऱ्या खांबाजवळची फरशी? अजून डुगडुगते?"

"डुगडुगते."

"तो सिमेंट कालवणाराच भिकार होता!" असं म्हणून ते कुशीला वळायचे. वहिनी त्या फरशीवर रोज मुद्दाम पाय ठेवून यायच्या.

पण शरीराला किती फसवाल? एका सकाळी गाडी विमानतळाच्या बोगद्यातून वर पुलावर आली. कोवळं ऊन डब्यात शिरलं, झोपलेल्यांच्या गुडघ्यांवरून सरकत गेलं. इमारतींच्या गच्च्यांवरचे कपडे, टाक्या, कुंड्या, सगळं संथ वाहत चाललं होतं. वहिनींचे डोळे उघडेच होते, पण त्यांतलं माणूस कुठेतरी निघून गेलं होतं. गाडी थांबली, तशा त्या दचकल्या आणि त्यांनी कॉफीवालीला गदागदा हलवलं. "ऊठ, ऊठ, आलं तुझं!" पोर झोपेतच उतरली. दार लागलं. आणि मग काचेपलीकडून ती हातवारे करायला लागली, की अहो वहिनी, हे माझं नाहीच, माझं पुढचं!

डबाभर हशा पिकला. पाखरंवाले काका मात्र हसले नाहीत. ते वहिनींच्या डोळ्यांकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी वहिनी डब्यात चढल्या, तर कोपऱ्यातली, खांदा टेकायला भिंत असलेली जागा मोकळी ठेवलेली. काका म्हणाले, "बसा. आज जागल माझी. तुमचं स्टेशन तेच ना, मधलं मोठं?"

"काका, काहीतरीच काय! मला झोप..."

"येत नाही. माहितीय. मला आधीच्या स्टेशनावर उतरवू नका म्हणजे झालं," कॉफीवाली म्हणाली आणि तिने आपली शाल वहिनींच्या मांडीवर टाकली.

"फोन इकडे द्या," काकांनी हात पुढे केला. "वाजला तर मी उचलीन. रात्रभर पाखरांवर नजर ठेवतो मी, एका फोनवर ठेवता येणार नाही?"

वहिनींनी मूठ आवळली. किती दिवस झाले ती मूठ उघडून! मग कशी कोण जाणे, ती आपोआप सैल झाली. फोन काकांच्या हातात गेला. गाडी बोगद्यात शिरली, दिवे काचेवरून मागे पळाले, आणि वहिनींना वाटलं, कुणीतरी आपल्यालाच छातीशी धरून, हनुवटीखाली दाबून, अलगद घडी घालतंय.

त्यांना जाग आली ती खांद्यावरच्या हाताने नव्हे, आपली आपणच. डब्यात नवीनच माणसं. मोठाल्या भरलेल्या बॅगा, निघायची घाई. खिडकीबाहेर धावपट्टीचं गवत. शेजारी काका, ताठ बसलेले, डोळे तारवटलेले.

"अगं बाई! हे विमानतळ? काका, घात केलात की माझा! उठवलं का नाही?"

"शेवटच्या स्टेशनापर्यंत जाऊन परत आलो आपण," काका शांतपणे म्हणाले. "तुमचं स्टेशन यायच्या जरा आधी घरून फोन आला. मालकांचा. मी म्हटलं, वहिनी झोपल्यात, आज पहिल्यांदाच झोपल्यात बिचाऱ्या, रोज आमच्यासाठी जाग्या असतात, उठवू का? मग म्हणाले, उठवू नका. आपण होऊन उठेल तेव्हा उठू दे."

काकांना काय कल्पना! त्या भल्या माणसाने भोळेपणाने सगळं बिंग फोडून टाकलं होतं. इतकी वर्षं झाकलेली मूठ, आणि ती नेमकी झोपेत उघडावी!

"भाडं द्या की," काका हसून म्हणाले. "काही पाहिलं का?"

वहिनींनी पाहिलं होतं. पण त्यांनी नुसती मान हलवली. "उद्या देते काका. हे आधी घरी द्यायचंय." आणि त्यांना रडूच आलं.

काका बिचारे घाबरले. आपलं घर कधीच मागे गेलेलं असूनही ते मधल्या मोठ्या स्टेशनापर्यंत सोबत आले. वहिनी उतरल्या. आज गर्दी वेगळी, ऊन वेगळं, फलाट कुणा परक्याचा असल्यासारखा. तिसऱ्या खांबापाशी पाय आपसूक त्या फरशीवर पडला. फरशी डुगडुगली. आता हे सांगायला तरी ते घरात असतील का, या विचाराने वहिनी जवळजवळ धावतच सुटल्या.

दार लोटलं. "आलीस का गं?" ऐकू आलं नाही. आत शेजारीण होती, ती वहिनींना बघून "बघा बाई तुमचं तुम्ही" असं म्हणून निघून गेली. नवरा पलंगावर उशीला टेकून बसलेला. आणि समोर ती बॅग. पलंगाखालून ओढून काढलेली, चेन उघडी, कपडे चादरीवर.

वहिनी चौकटीला धरून उभ्या राहिल्या.

"बस," नवरा म्हणाला. "काय पाहिलंस आज?"

"अहो, मी सांगते सगळं, मी मुद्दाम..."

"ते राहू दे. काय पाहिलंस?"

वहिनी पलंगाच्या कडेला बसल्या. मग हळूहळू सांगायला लागल्या. "गाडीच होती. आपली रोजची. डब्यात सगळी पांघरुणंच पांघरुणं, छतापर्यंत. मी त्यांत झोपलेली. आणि समोर तुम्ही बसलेले. मांडीवर पाणसळ घेऊन गाडी सपाट चाललीय का ते बघत होतात, आणि ट्रॉलीवाल्याला शिव्या घालत होतात. मी म्हटलं, अहो, मला उठवाल ना? तर म्हणालात, झोप गं, मी आहे जागा." त्यांनी डोळे पुसले. "एवढंच. पाखरं नाहीत, दूध नाही. काहीच नाही त्यात."

नवरा म्हणाला, "मी होतो ना."

"हो."

"इतक्या वर्षांत पहिल्यांदा आलो बघ. रोज तू येऊन स्वप्नं सांगायचीस. पाखरं काय, ट्रॉल्या काय. पण मी एकाही स्वप्नात नाही! आधी वाटलं, मनातून रागावलीय माझ्यावर. मग लक्षात आलं, बायको माझी, झोप दुसऱ्याची."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"केव्हापासून!"

"मग बोलला का नाहीत?"

नवऱ्याने तोंड भिंतीकडे वळवलं. मानी माणूस, त्याला बोलणं जड जात होतं. "बोललो असतो तर जावं लागलं असतं. दिलेला शब्द. आणि मला जायचं नव्हतं गं."

वहिनींनी बॅगेकडे पाहिलं. "मग आज ही का काढलीत? भरताय?"

"डोळे फुटले का तुझे? रिकामी करतोय! शेजारणीला सांगितलं, सगळं कपाटात लाव. ती म्हणाली, वहिनी आल्यावर बघू." त्यांनी हाताने कपडे बाजूला सारले, पलंगाची भिंतीकडची बाजू मोकळी केली. "आडवी हो."

"अहो, तुमच्या गोळ्या, अंग पुसायचं, चहा..."

"गोळी मला घेता येते. अंग काही पळून जात नाही. फोन दे इकडे." त्यांनी हात पुढे केला. "आजपासून दिवसाची जागल माझी. दिवसभर मी दुसरं करतो तरी काय?"

वहिनींनी फोन त्यांच्या हातात ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या. त्यांच्या अंगावर चादर आली, वाकडीतिकडी, एका बाजूला जास्त. फरशी केसभर वर-खाली झालेली न खपणारा माणूस, पण चादर काही त्याला सरळ घालता येत नव्हती.

"कुठल्या स्टेशनावर उठवू?" त्यांनी विचारलं.

वहिनींना केव्हाच झोप लागली होती. त्यांनी फोनचा आवाज बंद केला, तो आपल्या मुठीत घेतला आणि दाराकडे बघत बसून राहिले.