जीपमध्ये रुसलेले आबा

आमचे सासरे वारल्यानंतर आठ महिन्यांनी माझ्या लेकीच्या लग्नात रुसले.

हयातीत ते रुसायचे, त्याचं कुणाला काही वाटत नसे. मानाचा पहिला फेटा दुसऱ्या कुणाला बांधला, की आबा गुपचूप उठत, जीपच्या पुढच्या सीटवर जाऊन बसत आणि पट्टा लावून घेत. (तो पट्टा अडकायचा. आबांशिवाय तो कुणालाच लावता आला नाही.) मग सगळी भावकी हात जोडून जीपभोवती उभी. आमच्या गावात, निमोण्यात, घरचं एकही लग्न वेळेवर लागलेलं नाही.

माझ्या लेकीचं, पल्लवीचं मात्र लावायचंच, असं मी ठरवलं. मोबाइलवर लग्नाच्या नियोजनाच्या टिप्स वाचून सदतीस कलमांची यादी केली. 'मानपान थोडक्यात आवरा' हे तर मला इतकं पटलं, की आबांच्या फोटोला फेटा बांधायचं मी सरळ खोडून टाकलं. सकाळी फोटो पहिल्या रांगेत खुर्चीवर ठेवला, हार घातला. तेवढं पुरे.

तळेगाव ढमढेऱ्याचं कार्यालय, भर दुपार. पहिला फेटा दौंडच्या व्याह्यांना बांधला आणि माइक बंद पडला. आबांच्या खुर्चीसमोरचा पंखा थांबला. बाकीचे फिरत होते. सासूबाईंनी खुर्चीकडे पाहिलं. खुर्ची रिकामी होती.

"रुसले," त्या शांतपणे म्हणाल्या.

"आई, फोटो कसा रुसेल?"

"जीपमधी बघ."

आम्ही धावलो. जीपला कुलूप. काचेतून पाहिलं तर पुढच्या सीटवर आबांचा फोटो, हारासकट, ताठ. आणि पट्टा लावलेला!

"किल्ली कुणाकडं हाय?" आमचे हे खिसे चाचपत म्हणाले. ती माझ्याच पर्समध्ये निघाली.

विहीणबाई मागे येऊन उभ्या होत्या. "आधी त्यान्ला समजवा. घरातलं मोठं माणूस रुसल्यालं असताना आमी अक्षता टाकणार न्हाई."

मुहूर्ताला सात मिनिटं उरलेली. आत पल्लवी रडवेली. मग मी, एम.कॉम. झालेली बाई, सगळ्या वऱ्हाडादेखत फोटोसमोर हात जोडून उभी राहिले. "चुकलं आबा. आत चला. नात खोळंबलीय तुमची." ह्यांनी फ्रेमला फेटा गुंडाळला. शेवटचा पदर खोचला आणि आतून माइक खरखरला, "हॅलो, चेक, चेक."

सासूबाई रडता रडता हसल्या, आठ महिन्यांत पहिल्यांदा. "आलं बघा लग्नाला."

लग्न वेळेवर लागलं.

दुसऱ्या दिवशी पर्स आवरताना यादी सापडली. एकतिसावं कलम, अक्षर माझंच: 'गर्दीत फोटोची काच फुटेल. पाहुणे यायच्या आत जीपमध्ये ठेवून कुलूप लावणे.' पुढे बरोबरची खूण, तीही माझीच. पहाटे तीनपासून उठलेली मी, ठेवला आणि साफ विसरले! घरात कुणाला सांगितलं नाही. सासूबाईंचं ते हसू काढून घ्यायची माझी हिंमत झाली नाही.

यादी मात्र मी तीनदा वाचली. पट्ट्याचं कलम त्यात कुठेच नाही. परवा जीपमध्ये एकटीच बसून तो लावून पाहिला, तर माझं नख तुटलं. हल्ली मी मागेच बसते. आणि बसण्याआधी पुढच्या सीटची परवानगी घेते.